दहा पावलं पुढं, आठ मागं

घड्याळजीच्या टेबलाला एक उथळ खण असतो. काम करता करता एखादा स्क्रू उडतो, एखादा काटा निसटतो. त्या वेळी शोधून सापडत नाही. गिऱ्हाइकाला दुसरा बसवून द्यावा लागतो. मग वर्षभरानं झाडझूड करताना तोच स्क्रू पायाशी चमकतो. कोणत्या घड्याळाचा ते आठवत नाही, पण फेकवतही नाही. टाका खणात! किस्स्यांचंही तसंच होतं बघा. अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये मी म्हातारपणाची काही वर्षं काढली, आणि खण गच्च भरला. आज तोच टेबलावर उपडा करतो.

मी शाळेत गेलो नाही. अक्षरं दुकानांच्या पाट्यांवरून शिकलो, आकडे डायलवरून. त्यामुळे बारापुढं मोजायला मला आजही जरा वेळ लागतो! पण कशालाही वेळ लागत असेल तर लागू द्यावा, ही माझी सवय आहे. तुम्हीही सावकाश वाचा.

*

अकोल्यात मोर्णा नदीच्या पलीकडं, जुन्या शहरात माझं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक स्टूल आणि रस्त्याकडून येणारा उजेड. उजेड हीच माझी इस्टेट. पण गिऱ्हाईक आलं की नेमकं त्या उजेडातच उभं राहतं. म्हणून या-बसा म्हणायच्या आधी मी म्हणायचो, ‘सरका थोडे, उजेड अडवून राहिले तुमी!’ चाळीस वर्षं हे वाक्य म्हटलं. ओळखीचे लोक तर लांबूनच अंग चोरत यायचे.

ती वर्षं बेकार होती. चावीची घड्याळं संपत आली होती, सेलची घड्याळं बंद पडली की लोक फेकून देत. त्यात बोंडअळी कापूस खाऊन गेली की आमच्या बाजारात सगळंच थंड. एक जण बिनकाट्याचं घड्याळ हातात घालून फिरायचा. मी म्हटलं, ‘काटे बसवून देतो ना.’ तो म्हणाला, ‘राहू द्या चाचा, सध्या वेळ पाहावासा वाटत नाई!’

अशा एका दुपारी एक बाई उजेडात येऊन उभी राहिली. तीस-बत्तिशीची, खांद्याला झोळी. मी माझं वाक्य म्हटलं. ती लगेच बाजूला सरकली आणि झोळीतून काडेपेटीएवढी काचेसारखी प्लास्टिकची पट्टी काढली.

‘चाचा, यात केसाएवढं भोक पाडून द्याल का?’

मी भिंग डोळ्याला लावून पट्टी पाहिली. मग विचारलं, ‘कोनाच्या केसाएवढं? माह्या की तुह्या?’

तिनं आपल्या केसांना हात लावून पाहिला. मी समजावलं, ‘माहा केस जाड हाय बेटा, तुहा बारीक. आधी ठरव.’

ती पायरीवरच बसली आणि हसायला लागली. म्हणाली, ‘अमरावती, नागपूर, सगळीकडं फिरले. सगळे म्हणाले, होऊन जाईल. बरोबर प्रश्न तुमीच पहिल्यांदा इचारला!’

ह्या आमच्या वानखडे मॅडम. भातकुलीकडच्या शेतकऱ्याची पोरगी, कॉलेजात शिकवायची आणि पीएचडी करायची. माझा मुलगा तेव्हा नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात लागला होता. मी दुकानाला कुलूप लावलं, भिंग खिशात टाकलं आणि मुलाकडं राहायला आलो. रोज लॅबला जायचं. लॅबची पोरं मला चाचा म्हणायची, एचओडी सरही चाचा म्हणायचे. कॉलेजात माझं नाव शब्बीर आहे हे फक्त हजेरीच्या वहीला माहीत होतं.

*

मॅडम पंप बनवत होत्या. पण कसला पंप! सगळा मिळून बिस्किटाएवढा. आत दोन बारीक नाल्या आणि मधे छोटंसं कुंड. कुंडाच्या डोक्यावर पितळेची पातळ चकती. चकतीला करंट दिला की ती थरथरते, आणि पाणी आत-बाहेर ढकलते. आणि त्यात झडप नाही. व्हॉल्व म्हणतात तो नाहीच!

मी विचारलं, ‘झडप काहून नाई? बिनाझडपेचा पंप म्हंजे बिनादाराचं घर.’

मॅडम म्हणाल्या, ‘चाचा, यातून रक्त न्यायचं हाय. झडप असली की रक्ताचे कण तिच्यात अडकतात, चिरडतात.’

मग त्यांनी सांगितलं. फवारणीच्या दिवसांत शेतातून माणसं दवाखान्यात येतात, औषध अंगात भिनलेलं. किती भिनलं ते कळायला रक्त लांबच्या शहरात पाठवावं लागतं. त्यांच्या शेतावरच्या एका माणसाचं रक्त असंच पाठवलं होतं. रिपोर्ट आला तो त्याच्या तेरवीच्या दिवशी. मॅडमना तालुक्याच्या दवाखान्यात ठेवता येईल अशी पट्टी करायची होती. एक थेंब रक्त टाका, पंप ते हळूहळू पट्टीतल्या तपासणीच्या रसायनापर्यंत नेईल, रंग बदलेल, तिथल्या तिथं कळेल. बाकी सगळं जमलं होतं. अडलं होतं ते पंपापाशी.

आणि युनिव्हर्सिटीनं शेवटची मुदत दिली होती. त्या वर्षी परीक्षकासमोर पंप चालला तर मॅडम डॉक्टर. नाही चालला तर नाव कट, आणि लॅबची खोली दुसऱ्याला. एचओडी सर हे महिन्यातून एकदा आठवण करून द्यायचे, जसं काही आम्ही विसरणार होतो!

*

पहिला पंप मी जोडला, आणि उलटा जोडला.

त्याचं असं झालं. दोन्ही नाल्या एका टोकाला अरुंद, दुसऱ्या टोकाला रुंद. मी पाहिलं, हे तर नरसाळं! नरसाळ्यात रुंद तोंडातून ओततात, बारक्यातून निघतं. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. जन्मभर घड्याळात तेल घातलं होतं. मी त्या हिशेबानं पट्टी बसवली आणि विचारलंही नाही.

तीन दिवस आम्ही रीडिंग घेत होतो. ज्या बाटलीत पाणी वाढायचं तीच रिकामी होत होती. एचओडी सर येऊन पाहून गेले. म्हणाले, ‘मॅडम, तुमचा पंप पाणी देत नाही, पितो!’

मॅडमना कळलं तेव्हा रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘चाचा, जिनिंगच्या फाटकावर कापसाच्या गाड्या पाहिल्या? आत घुसताना काय होते?’

‘अडकतात. एकमेकीत घुसतात, शिव्या होतात.’

‘आन् फाटकातून मोकळ्या मैदानात निघताना?’

‘सुटतात सरसर.’

‘तसंच पाणी. अरुंदातून रुंदात सुखानं जाते. रुंदातून अरुंदात घुसताना तोंडाशीच मार खाते. चकती दोन्हीकडं ढकलते, पण सुखाच्या वाटेनं थोडं जास्त जाते. समजा, दहा पावलं पुढं, आठ मागं.’

मी बोटांवर मोजलं. बारापुढं गेलं म्हणून वेळ लागला. ‘म्हंजे दोन पावलांसाठी हे येडं अठरा पावलं चालते?’

‘हो चाचा,’ मॅडम म्हणाल्या. ‘माह्या पीएचडीसारखं!’

*

आता नालीचं तोंड किती रुंद करावं यावरून लॅबमध्ये वर्षभर वाद चालला. एचओडी सरांचं म्हणणं साधं होतं. ‘रुंदात सुखानं जातं ना? मग करा अजून रुंद!’

मॅडमनी एक पट्टी केली, चांगली फाकलेली. पाण्यात चिमूटभर हळद टाकली, म्हणजे हालचाल दिसावी. भिंगातून पाहिलं तर पाणी भिंतीला सोडून मधेच गरगरत होतं. पुढं जायचं नाव नाही. मी सरांना म्हटलं, ‘सर, जास्त मोकळीक झाली, ते खेळत बसलं!’

मग बेतानं बेतानं अरुंद करत यायचं ठरलं. नाल्यांची पट्टी ज्यावर ओतायची तो साचा मी कानशीनं घासायचो. एक रेघ घासायची, पाहायचं, पुन्हा एक. सर दारात उभे. ‘चाचा, अजून किती वेळ? एकदाच जोर लावा ना!’

मी म्हटलं, ‘सर, घासलेलं परत लावता येत नाई.’

सर गेले. दुसऱ्या दिवशी स्टाफ मीटिंगमध्ये त्यांनी हेच वाक्य प्रिन्सिपलसाहेबांना ऐकवलं, असं शिपायानं येऊन सांगितलं. कोणत्या कामाबद्दल ते काही कळलं नाही!

*

यातला एक किस्सा तर थेट मॅडमच्या पीएचडीच्या पुस्तकात गेला.

घासता घासता एक पंप असा जमला की पाणी आधीपेक्षा कितीतरी जास्त जायला लागलं. मॅडम खूश. मापं घेतली, कागदावर उतरवली, आणि त्याच मापाचा साचा बाहेरून मशीनवर करून आणला. एकदम चकाचक. जोडला तर काय, पुन्हा रडगाणं! मापं तीच, चकती तीच, पाणी जेमतेम.

दोन आठवडे मॅडम धड जेवल्या नाहीत. शेवटी दोन्ही साचे भिंगाखाली शेजारी ठेवले, बराच वेळ पाहिलं आणि मला हाक मारली. ‘चाचा, खरं सांगा. या अरुंद तोंडाले तुमी काय केलं?’

‘काई नाई केलं.’

‘मग हा काठ गोल कसा?’

‘तो होय? घासल्यावर धार राहते, बोटाले टोचते. सवयीनं मोडली.’

‘आन् रुंद बाजूची?’

‘तिकडं बोट जात नाई. टोचतच नाई तर कायले मोडू?’

मॅडम खुर्चीत बसल्या. मग पंधरा दिवस तेच केलं. दोन्ही काठ गोल, दोन्ही धारदार, एक गोल एक धारदार, सगळं करून पाहिलं. सगळ्यात भारी निघाला तो माझ्या सवयीचाच पंप. अरुंद तोंड गोल असलं की पाणी शिरताना मार खात नाही, आणि रुंद तोंड धारदार असलं की उलट्या पाण्याला तिथं अडचण होते.

मॅडमनी वही घेऊन विचारलं, ‘गोलाई नेमकी किती ठेवता?’

‘बोटाले टोचलं नाई पायजे, एवढी.’

त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. मग माझं बोटही मोजलं!

*

मॅडमचे वडील भास्करभाऊ. गावात त्यांनी सांगून ठेवलं होतं, ‘पोरगी पंप बनवून राहिली.’ झालं! पारावर रोज चौकशी. किती एच.पी.चा? सिंगल फेज की थ्री फेज? किती फुटांवरून उचलते?

एके दिवशी भाऊच उठून आले. पांढरं धोतर, डोक्याला रुमाल, हातात हुरड्याची पिशवी. मॅडमनी पंप दाखवला. भाऊ वाकून पाहत राहिले. बिस्किटाएवढा पंप, त्याच्या नळीच्या टोकाला एक थेंब फुगत होता. आम्ही सगळे त्या थेंबाकडं पाहत उभे. शेवटी तो पडला.

‘झालं?’ भाऊंनी विचारलं.

‘झालं बाबा.’

‘आता दुसरा कवा पडते?’

‘मिनिटभरानं.’

भाऊ स्टुलावर बसले. मला वाटलं, आता पोरीला बोलतील. तीन वर्षं पाऊस दगा देत होता, भातकुलीकडं विहिरींचे तळ दिसत होते. भाऊंनी रुमाल काढून तोंड पुसलं, आणि शांतपणे म्हणाले, ‘बाई, आपल्या विहिरीवर हाच बसवू. तिच्यात बी आता एवढंच पानी हाय!’

सगळ्यात आधी मॅडम हसल्या, मग भाऊ. हसता हसता दोघांनीही डोळे पुसले. मी हुरडा वाटायला घेतला.

*

पंपाचा खरा दुश्मन बुडबुडा. सुईच्या टोकाएवढा बुडबुडा कुंडात अडकला की चकतीची सगळी मेहनत तोच खातो. चकती थरथरते, बुडबुडा आकसतो-फुगतो, पाणी जागच्या जागी. पोरं वैतागून करंट वाढवायची, पट्टीवर टिचक्या मारायची. बुडबुडा बसलेला!

मी म्हटलं, पाण्यातच हवा आहे, ती आधी काढा. पाणी उकळा, झाकून थंड करा आणि पंपात खालून भरा, सावकाश. वरून ओतलं की हवा कोंडते. खालून भरलं की ती बिचारी आपणहून बाहेर जाते.

मॅडमना पटलं. मी लगेच पाणी उकळून, झाकून, थंड करून आणलं, खालून अर्धा तास भरलं. एकही बुडबुडा नाही! दोन दिवस पंप थांबला नाही. तिसऱ्या दिवशी सर आले, बाटली उचलली, नाकाशी नेली.

‘मॅडम, याला आल्याचा वास कसा येतोय?’

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. आता मी तरी काय करणार? लॅबमध्ये उकळायला गंज एकच होता, चहाचा!

दोन दिवसांचे रिझल्ट बाद झाले. सर जाता जाता म्हणाले, ‘चाचा, पुढच्या वेळी साखर कमी टाका!’

*

आणि मग तो दिवस आला. परीक्षक पुण्याहून येणार होते. सगळी तयारी झाली होती, अडचण एकच. त्या काळात दुपारनंतर केव्हाही चार तास लोडशेडिंग असायचं आणि परीक्षा नेमकी दुपारची. मॅडमनी पंप बॅटरीवर चालेल असं सर्किट केलं होतं, पण दमदार बॅटरी कुठून आणायची?

सकाळी भास्करभाऊ एसटीनं आले. मांडीवर ट्रॅक्टरची बॅटरी!

मी म्हटलं, ‘भाऊ, पेरणीचे दिवस आन् बॅटरी काढून आनली?’

‘ट्रॅक्टर तसाबी उभाच हाय, शब्बीरभाई. पावसाचा पत्ता नाई. निदान कायतरी चालू द्या!’

परीक्षक आले. कडक इस्त्रीचे, हातात सुंदर चावीचं घड्याळ. ते खिडकीत येऊन उभे राहिले, मी पंप भरत होतो. सवयीनं तोंडातून निघालं, ‘सरका थोडे, उजेड अडवून राहिले तुमी!’

 एचओडी सरांचा चेहरा पांढरा.

‘सरका?’ परीक्षक म्हणाले. ‘तुमच्याकडे पाहुण्यांशी असंच बोलतात का?’

मॅडमनी माफी मागितली. मीही हात जोडले. परीक्षक सरकले नाहीत. मीच टेबल सरकवलं.

तोंडी परीक्षा दोन तास चालली. मग ते घड्याळ पाहत लॅबमध्ये आले. ‘मला साडेचारला निघायचंय, बडनेऱ्याहून गाडी आहे. दहा मिनिटांत दाखवा. आणि जोरात चालवून दाखवू नका, तो कोणीही चालवेल. दवाखान्यात लागतो तसा, अगदी हळू चालवा.’

पंपात मीठपाणी मिसळलेलं बकऱ्याचं रक्त भरलं होतं. पुढं काचेची बारीक नळी. तिच्यावर मी डायलसारख्या रेघा कोरल्या होत्या, दर पाचवी लांब. मॅडमनी पंप सुरू केला, सगळ्यात हळू. आणि लाइट गेली. पंखे थांबले. बॅटरीवर पंप चालूच.

परीक्षक वाकून पाहत होते. पाच मिनिटं झाली. ‘हे जागच्या जागी थरथरतंय. पुढे कुठे जातंय?’

‘जातंय सर,’ मॅडम म्हणाल्या.

‘मला दिसत नाही. मला जे दिसेल तेच मी लिहिणार.’ त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

मॅडम नळीवर आणखी वाकल्या. भास्करभाऊ दाराशी रुमाल पिळत उभे. एचओडी सर जमिनीकडं पाहत होते. मी स्टूल उचललं, परीक्षकांच्या मागं ठेवलं आणि खिशातलं भिंग पुढं केलं.

‘साहेब, हे डोळ्याले लावा. आन् बसा.’

‘अहो, मला वेळ नाही.’

‘वेळ मी पाहतो ना. चाळीस वर्षं तेच केलं. तुमी फक्त लाल टोक पाहा, आन् त्याच्या पुढची रेघ पाहा.’

काय वाटलं कोण जाणे, ते बसले. भिंग लावलं. पेन हातातच राहिलं. बराच वेळ काही नाही. मग त्यांची मान हळूच पुढं झाली.  लाल टोक थरथरत, मागं-पुढं होत, पुढच्या रेघेला टेकलं होतं. मग तिच्या पलीकडं गेलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, न पाहता.

चहा आला, थंड झाला. सव्वाचार वाजले. ड्रायव्हर दारातून डोकावून गेला. साडेचार वाजले. एचओडी सर हळूच खोकले. पावणेपाच. सव्वापाच. मॅडम भिंतीला टेकून उभ्या, भास्करभाऊ बॅटरीवर हात ठेवून बसलेले, पंखे बंद. लाल टोक लांब रेघेपाशी पोचलं होतं.

मी वेळ पाहायचं कबूल केलं होतं. म्हणून शेवटी जवळ गेलो, खिडकीपाशी वाकलो आणि हळूच म्हटलं, ‘साहेब, तुमची गाडी गेली.’

भिंग डोळ्यावरून जरासुद्धा न हलवता पुण्याचे परीक्षक म्हणाले, ‘सरका थोडे चाचा, उजेड अडवून राहिले तुमी!’